लाकूड, काँक्रीट आणि मधली फट

घरदुरुस्तीच्या या सदरासाठी या वेळी निवडलेली चारही पत्रे लाकूड आणि काँक्रीट यांच्या जोडाविषयी आहेत. चारही पत्रांचा रोख "कोणते घ्यावे?" असाच आहे. उत्तरे देताना मी तो प्रश्न मुद्दाम मागे ठेवला आहे. दुकानात जाण्यापूर्वी तीन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात: आपण नेमके कशाला चिकटवत आहोत, तिथे ओल किती आहे आणि लाकूड किती हलणार आहे. या तिन्हींची उत्तरे मिळाली की डबा किंवा नळकांडे निवडणे फारसे अवघड राहत नाही.

प्रश्न : चिपळूणजवळ आमचे आरसीसी घर आहे. मुख्य दाराची चौकट सागवानी असून बाहेरच्या बाजूने गिलावा जिथे चौकटीला भिडतो, तिथे उभी भेग पडते. ती दर वर्षी मे महिन्यात आम्ही पांढऱ्या सिमेंटने भरत असू. एकदा पुट्टीने भरली आणि गेल्या वर्षी सिलिकॉनने. सिलिकॉनही दिवाळीपर्यंत भिंतीच्या बाजूने सुटून आले. पावसाचे पाणी तिथून आत झिरपते. कोणते सीलंट टिकेल?

उत्तर : आधी एक तपासणी करावी. दार जोरात लावून चौकटीवर तळहात ठेवा. चौकट हादरत असेल, तर भिंतीत गाडलेले होल्डफास्ट, म्हणजे चौकटीला धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या, सैल झाले आहेत असे समजावे आणि गवंड्याला बोलवावे. हलत्या चौकटीला जगातले कोणतेही सीलंट धरून ठेवू शकत नाही. चौकट घट्ट असेल, तर पुढचे वाचावे.

लाकूड लांबीच्या दिशेने जवळजवळ हलत नाही, परंतु रेषांच्या आडव्या दिशेने ते ओल शोषून फुगते आणि सुकले की आक्रसते. या बाबतीत सागवान गुणी समजले जाते. तरीही त्याच्या अंगातील ओल एका टक्क्याने बदलली की रुंदीत ढोबळमानाने 0.2 टक्के फरक पडतो. उन्हाळा आणि पावसाळा यांच्यात ओलीत सहा टक्क्यांचा फरक पडला असे धरले, तर तीन इंच, म्हणजे 75 मिमी जाडीची बाही (चौकटीचा उभा दांडा) सुमारे 0.9 मिमी हलते. भिंत मात्र जागची हलत नाही, त्यामुळे हा सगळा फरक मधल्या फटीवर येतो.

आता आपल्याकडे काय घडते ते पाहू. मे महिन्यात लाकूड सर्वांत सुकलेले आणि भेग सर्वांत रुंद असते. नेमके तेव्हाच आपण ती पांढऱ्या सिमेंटसारख्या कडक पदार्थाने ठासून भरता. जुलैत चौकट फुगते आणि त्या भरावाला चिरडते. पुढच्या उन्हाळ्यात ती मागे सरकते आणि भेग पुन्हा उघडते. पुट्टीचीही हीच गत होते. हे दोन्ही पदार्थ वाईट नाहीत, पण ते लवचीक नाहीत आणि या जागी लवचीकपणाखेरीज दुसऱ्या कशाचा उपयोग नाही.

मग लवचीक सिलिकॉन का सुटले? त्याची मला दोन कारणे दिसतात. पहिले कारण वासावरून ओळखता येते. लावताना व्हिनेगरसारखा आंबूस वास आला असेल, तर ते काच आणि टाइल यांच्यासाठी असलेले सिलिकॉन होते. ते सुकताना आम्ल सोडते. सिमेंटचे अंग क्षारधर्मी असल्याने त्या आम्लाची सिमेंटमधील चुन्याशी प्रक्रिया होते आणि जोडाच्या पातळीवरच भुसभुशीत थर तयार होतो. सिलिकॉन लाकडाच्या बाजूने टिकले आणि भिंतीच्या बाजूने सुटले, हे आपले निरीक्षण याच्याशी जुळते.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे आणि ते ऐकल्यावर पुष्कळांचा विश्वास बसत नाही: आपली भेग फार अरुंद आहे. चांगल्या प्रतीच्या सीलंटच्या वेष्टनावर अधिक-उणे 25 टक्के हालचाल सहन करण्याची क्षमता लिहिलेली असते. ही टक्केवारी फटीच्या रुंदीची आहे. 1 मिमी भेगेत भरलेले सीलंट जेमतेम पाव मिमी ताण सोसते, आणि आपली चौकट तर त्याच्या तिपटीहून अधिक हलते. तीच फट 10 मिमी रुंद केली, तर तेच सीलंट अडीच मिमी सोसेल. म्हणून भेग बुजवण्याआधी ती मोठी करायची आहे. गवंडी कुरकुर करेल, घरातली मंडळीही करतील. पण ग्राइंडरने चौकटीलगतचा गिलावा सरळ रेषेत कापून तीन सूत, म्हणजे साधारण 10 मिमी रुंदीची खाच काढून घ्यावी. कापताना चौकटीला आडवी पट्टी लावावी, म्हणजे लाकडावर पाते उतरणार नाही.

खाच काढल्यावर जुन्या सिलिकॉनचा कण न कण निघायला हवा, कारण सिलिकॉनच्या अंशावर दुसरे काहीही धरत नाही. शिवाय चौकट बसवताना तिच्या भिंतीकडील अंगाला बहुधा डांबर फासलेले असेल. ओल आणि वाळवी यांपासून बचाव म्हणून आपल्याकडे ते फासतात आणि ते योग्यच आहे. परंतु डांबरावर सीलंट चिकटत नाही आणि त्याचे डाग वर उमटतात. म्हणून खाचेत दिसणारा डांबराचा पट्टा पटाशीने खरवडून, पॉलिश पेपर मारून कोरे लाकूड उघडे करावे. आतल्या भागातील डांबराला हात लावू नये. सागवानाला अंगचे तेल असते, त्यामुळे घासलेला भाग स्वच्छ फडक्यावर थोडे ॲसिटोन घेऊन पुसावा आणि त्याच दिवशी काम उरकावे. चार दिवसांनी ते तेल पुन्हा पृष्ठभागावर आलेले असते. गिलाव्याची बाजू ब्रशने झाडावी. बोट फिरवल्यावर पांढरी भुकटी लागत असेल, तर त्या सीलंटच्या उत्पादकाने सांगितलेला प्रायमर लावावा.

त्यानंतर खाचेत फोमची गोल दोरी दाबून बसवावी. तिला दुकानात बॅकर रॉड म्हणतात. ती खाचेपेक्षा थोडी जाड घ्यावी, म्हणजे स्वतःच्या दाबाने अडकून राहते. दोरीची कामे दोन आहेत. सीलंटची खोली ती मर्यादित करते. 10 मिमी रुंदीला 6 मिमी खोली पुरे होते. दुसरे काम असे की सीलंट फक्त दोन्ही कडांना चिकटते, तळाला चिकटत नाही. तळालाही चिकटलेले सीलंट ताणले जाऊ शकत नाही आणि मधोमध फाटते. ठासून भरलेला जोड अधिक पक्का होतो हा समज इथे अगदी उलटा ठरतो.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळू. बाहेरच्या अंगाला, ऊन-पावसात, पॉलियुरेथेन किंवा हायब्रिड, ज्याला काही नळकांड्यांवर एमएस पॉलिमर म्हटलेले असते, यांपैकी एक घ्यावे. दोन्ही लाकडाला आणि सिमेंटला धरतात आणि दोन्हींवर रंग बसतो. रंग न देता उघडे ठेवायचे असेल तर हायब्रिड बरे, कारण पॉलियुरेथेन उन्हाने पिवळे पडून पृष्ठभागावर तडकते. आम्लरहित सिलिकॉनही तांत्रिकदृष्ट्या चालेल, पण त्यावर कधीच रंग बसणार नाही. ॲक्रिलिक सीलंट स्वस्त असते आणि घराच्या आतल्या बाजूला शोभते. चिपळूणच्या पावसासमोर ते लावू नये.

हे काम मे महिन्यात न करता डिसेंबर-जानेवारीत करावे. तेव्हा भिंत सुकलेली असते आणि लाकूड फुगणे-आक्रसणे यांच्या मध्यावर असते, त्यामुळे सीलंटला दोन्ही दिशांना सारखाच ताण येतो. वरून लाकडी पट्टी मारून जोड झाकायचा असल्यास ती फक्त चौकटीला ठोकावी, भिंतीला नाही.

प्रश्न : पुण्यातील सदनिकेत दिवाणखान्याच्या एका भिंतीवर सागवानी फळ्या बसवल्या. सुताराने पांढरा गोंद लावून मधूनमधून खिळे मारले. सहा महिन्यांत फळ्या सुटू लागल्या. आता तो म्हणतो की दोन भागांचे इपॉक्सी लावू, म्हणजे "भिंत तुटेल पण फळी निघणार नाही." त्याचे ऐकावे का?

उत्तर : आपल्या सुताराचे वाक्य अक्षरशः खरे आहे, आणि म्हणूनच त्याचे ऐकू नये.

ज्याला आपण सरसकट फेविकॉल म्हणतो, तो पांढरा गोंद लाकडाला लाकूड जोडण्यासाठी उत्तम आहे. त्यातले पाणी लाकडाच्या छिद्रांत शिरून निघून जाते आणि मागे पातळ, बळकट थर उरतो. त्यासाठी दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना घट्ट भिडलेले आणि शिकंज्यात दाबलेले हवेत. भिंत कधीच तितकी सपाट नसते. फळी आणि भिंत यांच्यामध्ये एखादी सूत जागा राहिली, की तिथला गोंद सुकून आक्रसतो आणि हातात पापुद्रा येतो. भिंतीत ओल असेल तर तो मऊही पडतो. अधिक गोंद ओतून हा दोष जात नाही.

इपॉक्सी मात्र सिमेंटला विलक्षण धरते. अडचण पुढची आहे. काँक्रीट दाब सोसण्यात बलवान आणि ताण सोसण्यात दुबळे असते. एम 20 प्रतीच्या काँक्रीटची दाबशक्ती दर चौरस मिलिमीटरला 20 न्यूटन धरतात, तर आयएस 456 या काँक्रीटविषयीच्या भारतीय मानकातील सूत्राने त्याची वाकताना येणारा ताण सोसण्याची शक्ती जेमतेम 3.1 न्यूटन येते. आपल्या भिंतीवर तर काँक्रीटही नाही, गिलावा आहे. रुंद फळी ऋतूगणिक फुगते-आक्रसते आणि कडक इपॉक्सी तिला तसूभरही हलू देत नाही. मग हालचालीचा सगळा जोर गिलाव्यावर येतो आणि फळी निघते ती पाठीला गिलाव्याचा पोपडा घेऊनच. लहान तुकडे, तुटलेला कोपरा किंवा भोकात बसवायची सळई यांसाठी इपॉक्सीला तोड नाही. रुंद फळीसाठी ते नको.

त्याहीआधी एक प्रश्न विचारतो. सुताराने गोंद भिंतीला लावला होता, की भिंतीवरच्या रंगाला? आपल्या घरांत विटेवर गिलावा, त्यावर पुट्टी, त्यावर प्रायमर आणि वर रंगाचे दोन-तीन हात असतात. जोडाची ताकद या सर्वांत कच्च्या थराइतकीच असते, आणि तो थर बहुधा पुट्टीचा असतो. सुटलेली फळी उलटी करून पाहावी. मागे रंगाचे पापुद्रे चिकटलेले दिसले, तर गोंदाने आपले काम चोख केले होते असे म्हणावे लागेल. मागच्या बाजूला नुसता गुळगुळीत पांढरा गोंद दिसला, तर तो भिंतीला धरलाच नव्हता.

फळ्या पुन्हा बसवताना जिथे चिकटद्रव्याचे पट्टे येणार आहेत, तिथला रंग आणि पुट्टी खरवडून गिलाव्यापर्यंत जावे. भिंत नाण्याने वाजवून पाहावी. पोकळ वाजेल तिथला गिलावा आधी दुरुस्त करावा. मग त्यावर पाण्याचा एक थेंब सोडावा. थेंब मिनिटभरात जिरला तर पृष्ठभाग उघडा आहे. मोत्यासारखा उभा राहिला तर अजून रंग, तेल किंवा तत्सम काहीतरी शिल्लक आहे. या थेंबाच्या परीक्षेला काही खर्च नाही, तरीही ती करणारा कारागीर मला क्वचितच भेटला आहे.

चिकटद्रव्य म्हणून बांधकामाचे पॉलियुरेथेन किंवा हायब्रिड घ्यावे, जे सुकल्यावर रबरासारखे राहते. ते हवेतील बाष्पाने पक्के होते आणि बाहेरून आत दिवसाला साधारण 2 ते 3 मिमी इतकेच सरकते. यावरून ते कसे लावावे हेही ठरते. फळी आडवी असो वा उभी, पट्टे उभेच आणि फूटभर अंतराने ओढावेत. चौकोन पूर्ण बंद केला तर आत हवा पोहोचत नाही आणि मधला भाग आठवडाभर ओलाच राहतो. फळी टेकवताना पट्टा पूर्ण चेपू नये. मध्ये 2-3 मिमी जाडीचे तुकडे ठेवले, तर तेवढी जाडी राहते आणि त्या जाडीतच फळीला हलायला वाव मिळतो. दोन दिवस टेकू द्यावा. फळ्यांच्या दोन्ही टोकांना आणि वरखाली थोडी मोकळी जागा सोडावी, ती पट्टीने झाकता येते.

फळी जड असेल किंवा तिच्यावर काही टांगायचे असेल, तर चिकटद्रव्याच्या भरवशावर राहू नये. असा जोड सरकण्याला चांगला विरोध करतो, पण एका कडेने सोलला जाऊ लागला की भराभर सुटतो. पुढे आलेल्या मांडणीचे वजन वरच्या कडेला नेमके सोलण्याचेच काम करते. तिथे भिंतीत रावल प्लग आणि स्क्रू हवेतच, आणि रुंद फळीतील स्क्रूचे भोक थोडे लांबट ठेवावे.

प्रश्न : नाशिकला गच्चीवर वेलींसाठी लाकडी मांडव केला. चार खांब थेट स्लॅबवर उभे करून तळाशी भोवताली सीलंट भरले, पाणी जाऊ नये म्हणून. तीन वर्षांत दोन खांब तळाशी मऊ पडले आहेत. अधिक चांगले सीलंट मिळेल का?

उत्तर : सीलंट अधिक चांगले असते, तर खांब कदाचित आणखी लवकर कुजले असते. खांबाचे खालचे टोक म्हणजे उभ्या नळ्यांची मोळी असते. पाणी तिथून लाकडाच्या बाजूच्या अंगापेक्षा कितीतरी वेगाने वर चढते. भोवती सीलंटची वाटी केल्यावर खांबावरून ओघळणारे पाणी तिच्यात उतरते आणि बाहेर पडायला वाट राहत नाही. लाकडातील ओल 20 टक्क्यांच्या खाली राहिली तर कूज धरत नाही असा संकेत आहे. आपल्या खांबांचे तळ पावसाळाभर त्याच्या कितीतरी वर राहिले असणार.

जुन्या वाड्यांत लाकडी खांब कधी जमिनीत गाडलेला दिसत नाही. तो दगडी तळखड्यावर उभा असतो. तळखडा जमिनीची ओल खांबापासून दूर ठेवतो आणि खांबाला कोरडी बैठक देतो. कोणी तिथे काही चिकटवले नव्हते. आपल्यालाही तेच करायचे आहे, फक्त दगडाच्या जागी लोखंड वापरून.

कुजलेला भाग कापून काढावा. जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी बूट करून घ्यावा, ज्यात खांबाचे टोक स्लॅबपासून निदान एक इंच वर राहील आणि बुटाच्या तळाला पाणी निथळायला भोके असतील. खांबाच्या कापलेल्या टोकाला पातळ इपॉक्सीचे दोन हात द्यावेत. पहिला हात लाकूड पिऊन टाकते, म्हणून दुसरा लागतोच.

बूट स्लॅबला बसवण्यासाठी रासायनिक अँकर, म्हणजे भोकात राळ भरून तिच्यात रोवलेली सळई, वापरतात. 12 मिमीच्या सळईला 14 मिमीचे भोक पुरते. स्लॅब पाच इंचांचा असेल, तर भोक साडेतीन इंचांच्या पुढे नेऊ नये आणि त्याआधी खालच्या खोलीतील पंख्याच्या नळ्या कुठून गेल्या आहेत ते पाहून घ्यावे. भोकातली धूळ फुंकून काढावी, तारेचा ब्रश फिरवावा, पुन्हा फुंकावे. धूळ राहिली तर राळ काँक्रीटला न धरता धुळीला धरते आणि सळई हाताने उपटून येते. एका परिचितांच्या गच्चीवर चारपैकी तीन सळया मी अशा काढून दाखवल्या होत्या. कारागिराने फुंकणी आणलीच नव्हती.

भोके पाडल्याने वॉटरप्रूफिंगला छेद जातो, त्यामुळे प्रत्येक बुटाखाली लहान काँक्रीटचा कट्टा ओतून त्यावर वॉटरप्रूफिंग चढवून घेणे अधिक शहाणपणाचे. वेलींनी भरलेला मांडव वाऱ्यात शिडासारखा वागतो, म्हणून अँकरची संख्या आणि खोली स्थापत्य अभियंत्याकडून ठरवून घ्यावी. सीलंट इथे लागते ते फक्त लोखंडी तळपट्टी आणि कट्टा यांच्या कडेला. लाकडाजवळ ते नको.

प्रश्न : फोंडा येथे तळमजल्यावर नवा काँक्रीटचा कोबा घालून दीड महिना झाला. 28 दिवस उलटून गेले आहेत, तर त्यावर लाकडी तक्तपोशी चिकटवावी का? दुसरे असे की, नमुन्यादाखल चिकटवलेल्या एका फळीखालचे इपॉक्सी दहा दिवसांनीही चिकटच आहे.

उत्तर : 28 दिवस हा काँक्रीटची ताकद मोजण्याचा दिवस आहे, ते सुकल्याचा नव्हे. सुकायला इंचाला एक महिना हा ढोबळ हिशेब धरतात, आणि गोव्याच्या दमट हवेत त्याहून अधिक काळ लागतो. दीड फूट लांब-रुंद प्लास्टिकचा जाड कागद कोब्यावर चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून निदान 16 तास ठेवावा. खाली दव जमले किंवा कोब्याचा रंग काळपट झाला, तर थांबावे. तळमजल्याला खालून जमिनीची ओल येत असेल आणि कोब्याखाली ओलरोधक थर घातलेला नसेल, तर कितीही महिने थांबले तरी ही चाचणी उत्तीर्ण होणार नाही. अशा जागी आधी कोब्यावर इपॉक्सीचा ओलरोधक थर चढवावा लागतो. ते परवडत नसेल तर लाकडाचा हट्ट सोडून फरशी घालावी.

इपॉक्सी न सुकण्याचे कारण जवळजवळ नेहमी मिश्रणात असते. लवकर सुकावे म्हणून हार्डनर जास्त घालतात, पण राळ आणि हार्डनर यांची प्रक्रिया ठरलेल्या प्रमाणातच पुरी होते; जास्तीचा हार्डनर तसाच चिकट राहतो. प्रमाण वजनाचे आहे की मापाचे, हेही वेष्टनावर पाहावे, कारण दोन्ही घटकांची घनता वेगळी असते. ती फळी काढून घ्यावी, चिकट थर खरवडून ॲसिटोनने पुसावा आणि कोबा सुकेपर्यंत नवे मिश्रण करू नये.